कॅम मोठा घेतला, आता टायमिंग चेन कुठली घेऊ?

प्रश्न : नमस्कार, मी मूळचा साताऱ्याचा, सध्या ह्यूस्टनला असतो. माझ्याकडे २००२ ची शेव्हरोले सिल्व्हराडो पिकअप ट्रक आहे, ५.३ लिटर व्ही-८, एलएम७ इंजिन, आजवर कधी उघडलेलं नाही. आता कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलतोय, ०.०५० इंचाला मोजलेलं ड्युरेशन (व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ, क्रँकच्या डिग्रीत) इनटेकला २१६, एक्झॉस्टला २२० आणि लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उघडतो ते) ०.५५० इंचाच्या आसपास. ६,३०० आरपीएमच्या वर नेणार नाही कारण रोज ऑफिसला हीच गाडी असते. मित्र म्हणतो टायमिंग चेन (क्रँकवरून कॅम फिरवणारी साखळी) डबल रोलर, म्हणजे दोन ओळींची, घेतलीच पाहिजे, नाहीतर चेन तुटेल आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतील. पार्ट्सवाला म्हणतो जुनी चेन पण चालेल. मी नऊ की-वे (गिअर क्रँकवर बसवायच्या खाचा) वाला अ‍ॅडजस्टेबल सेट बघून ठेवलाय. काय करू?

उत्तर : जुनी चेन परत लावू नका, पण डबल रोलरची पण तुम्हाला गरज नाही. चांगल्या कंपनीचा सिंगल रोलर सेट घ्या, नाहीतर सरळ जीएमची (शेव्हरोलेची मालक जनरल मोटर्स) एलएस२ इंजिनाची चेन डॅम्परसकट घ्या, आणि वाचलेले पैसे व्हॉल्व्ह स्प्रिंगमध्ये घाला. माझं मत अगदी ठाम आहे, का ते सांगतो.

चेनवर ताण येतो तो मुख्यतः स्प्रिंगचा आणि आरपीएमचा. लोब (कॅमवरचा उंचवटा) व्हॉल्व्ह उघडत असतो तेव्हा स्प्रिंग कॅमला मागे रेटते आणि लोबचा माथा ओलांडला की तीच स्प्रिंग कॅमला पुढे हाकलते, असे सोळा लोब आहेत, म्हणजे चेन सतत ताठ-ढिली ताठ-ढिली होत राहते आणि ढिल्या बाजूने फडफडते. तुमचा स्टॉक कॅम साधारण १९०/१९१ ड्युरेशनचा, स्प्रिंगा पण त्याच मानाच्या मऊ. नव्या लिफ्टला कडक स्प्रिंगा लागणारच. पण ६,३०० आरपीएमपर्यंतच्या रस्त्यावरच्या हायड्रॉलिक रोलर कॅमला दर्जेदार सिंगल चेन आरामात पुरते. त्यापेक्षा फडफड थांबवणं महत्त्वाचं, आणि त्यासाठीच तो प्लास्टिकचा डॅम्पर असतो. तुमच्या जेन-३ (या इंजिनांची तिसरी पिढी) इंजिनात तो मुळात नाहीये. काही जुन्या ब्लॉकवर त्याच्या दोन भोकांना आटे पाडलेले नसतात, तेव्हा पुढचं कव्हर काढून आधी ते बघा आणि मगच ऑर्डर द्या.

आता डबल रोलर का नको. एलएस घराण्यात, म्हणजे तुमच्यासारख्या या जीएम इंजिनांत, ऑईल पंप क्रँकच्या नाकावरच बसतो, टायमिंग गिअरच्या अगदी पुढे. डबल रोलरचा खालचा गिअर जाड, म्हणून पंप स्पेसर घालून पुढे सरकवावा लागतो. पंप सरकला की पिकअप ट्यूबचा (तेल खेचणाऱ्या नळीचा) ब्रॅकेट पण तेवढाच सरकवायला लागतो, आणि इथेच घोळ होतो. ट्यूब जराशी तिरकी बसली, ओ-रिंग चिमटली, की पंप तेलाबरोबर हवा ओढतो, गेजवर प्रेशर पडलेलं दिसतं आणि माणूस बेअरिंग गेलं म्हणून डोकं धरून बसतो. वर बहुतेक डबल रोलर सेटबरोबर तो डॅम्पर पण बसत नाही. ७,००० च्या वर फिरवायचं असेल, खूप कडक स्प्रिंगा असतील, तर हा खटाटोप करण्यात अर्थ आहे. ऑफिसला जायच्या ट्रकला नाही.

सेट घेताना साखळी दोन ओळींची आहे की एका यापेक्षा गिअर कशाचे आहेत ते विचारा, बिलेट स्टीलचे असले तर उत्तम. चेन कोणाची आहे तेही विचारा, जर्मनीच्या इविसची चेन चांगल्या सेटमध्ये वापरतात. आपण चेन ताणली म्हणतो पण पट्ट्या काही लांबत नाहीत, पिना आणि बुश झिजतात, प्रत्येक सांध्यात थोडी ढिलाई येते आणि त्या सगळ्याची बेरीज होऊन कॅम मागे पडतो. वीस वर्षं चाललेली चेन परत लावू नका म्हणालो ते यासाठीच. ब्लॉक लाइन-होन (क्रँकच्या बेअरिंगच्या जागा परत घासणं) केलेला नाही, म्हणजे स्टँडर्ड लांबीचीच चेन लागेल, ०.००५ इंच कमी वाली नको.

सेन्सरकडे मात्र नीट लक्ष द्या. तुमचा कॅम सेन्सर ब्लॉकच्या मागच्या बाजूला आहे आणि तो कॅमच्या मागच्या टोकाची रिंग वाचतो, त्यामुळे पुढचा गिअर साधा, तीन बोल्टचा चालतो. जेन-४ मध्ये सेन्सर पुढच्या कव्हरमध्ये गेला, गिअरवरच खाचा आल्या, पुढे एक बोल्टचे कॅम आले. चुकून तिकडचा कॅम घेतलात आणि मागे रिंग नसली तर सिग्नलच मिळणार नाही.

नऊ की-वे वाला सेट घ्यायला हरकत नाही, पण कारण असेल तर. कॅम कार्ड (कॅमबरोबर येणारा मापांचा कागद) आधी वाचा, बऱ्याच कॅममध्ये अ‍ॅडव्हान्स आधीच घातलेला असतो, लोब सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्ट लोबमधलं अंतर, डिग्रीत) ११४ आणि इनटेक सेंटरलाइन (इनटेक लोबच्या माथ्याची जागा) ११० असली म्हणजे चार डिग्री झालाच. आणखी पुढे केलात तर खालचा टॉर्क वाढेल पण इनटेक व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येईल, मागे नेलात तर एक्झॉस्ट जवळ येईल. साधारण इनटेकला ०.०८० आणि एक्झॉस्टला ०.१०० इंच जागा ठेवतात. अशा सेटमध्ये प्रत्येक की-वेची खूण वेगळी असते, एकाची की आणि दुसऱ्याचा ठिपका जुळवला की टायमिंग गेलंच, म्हणून शून्यावर बसवा आणि डिग्री व्हील (क्रँकवर लावायची कोन मोजणारी चकती), पिस्टन स्टॉप, डायल गेज घेऊन सेंटरलाइन मोजा. कार्डाशी एखाद डिग्रीच्या आत जुळली तर हात लावू नका. नुसते ठिपके समोरासमोर आणून मोकळं होणारे फार आहेत, पण हा अर्धा दिवस वाचवू नका राव, सगळ्या कामात खरी खात्री इथेच मिळते.

बाकी, कॅमच्या पुढच्या रिटेनर प्लेटचं सील इतक्या वर्षांत कडक झालेलं असतं, प्लेट नवीनच घाला. चेन लावायच्या आधी तेलात भिजवून ठेवा. बॅलन्सरला, म्हणजे क्रँकच्या टोकावरच्या जड पुलीला, या इंजिनात की नसते, तो नुसत्या दाबावर आणि बोल्टवर टिकतो, म्हणून क्रँक बोल्ट नवा घ्या: आधी जुन्या बोल्टने २४० फूट-पाउंडला बॅलन्सर पूर्ण बसवायचा, मग तो काढून नवा बोल्ट ३७ फूट-पाउंड आणि त्यावर १४० डिग्री. पण बॅलन्सरचं हे काम कव्हर लावल्यानंतरचं, त्याआधी इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा, कुठे अडकलं तर जोर न लावता तिथेच थांबा आणि परत मोजा.