वाचकांचे प्रश्न : ताऱ्याचा उजेड किंचित घटतो तेव्हा

प्रश्न : ८ जून २००४ रोजी आम्ही साताऱ्यात सौर चष्म्यातून शुक्राचे अधिक्रमण पाहिले. सूर्यबिंबावरून काळा ठिपका सरकताना दिसला, पण उन्हात तसूभरही फरक जाणवला नाही. मग दुर्बिणीतूनही नुसता बिंदू दिसणाऱ्या दूरच्या ताऱ्यासमोरून ग्रह गेला, हे अवकाश दुर्बिणीला कसे कळते?
— एक निवृत्त शिक्षिका, सातारा

उत्तर : फरक जाणवला नाही, तरी तो पडला होता. त्या दिवशी शुक्राच्या बिंबाचा व्यास सूर्यबिंबाच्या सुमारे बत्तिसाव्या भागाइतका होता. म्हणजे सूर्याच्या तबकडीचा साधारण हजारावा भाग झाकला गेला आणि सकाळी पावणेअकराच्या सुमारास सुरू झालेली ही घट सायंकाळी पाचच्या आसपास संपली. डोळ्याला एवढे बारीक अंतर उमगत नाही, पण प्रकाश मोजणाऱ्या उपकरणाला उमगते. ताऱ्याचे बिंब दिसण्याची त्यासाठी गरज नाही. त्याच्याकडून येणारा एकूण प्रकाश वेळोवेळी मोजून त्याचा आलेख काढला, की ग्रह आडवा आल्यावर त्यात उथळ खळगा पडतो.

शुक्र त्या वेळी आपल्या निकट होता म्हणून त्याने हजारावा भाग तरी झाकला. दूरच्या ताऱ्यावरून पाहणाऱ्याला ही सवलत नसते. पृथ्वीचा व्यास सूर्याच्या १०९व्या भागाइतका असल्यामुळे ती सूर्याच्या प्रकाशातील बारा हजारांत जेमतेम एक भाग अडवते, तोही वर्षातून एकदा आणि जास्तीत जास्त तेरा तास. गुरूसारखा मोठा ग्रह शंभरात एक भाग अडवतो. म्हणूनच १९९९ मध्ये एचडी २०९४५८ या ताऱ्याच्या मोठ्या ग्रहाचे अधिक्रमण जमिनीवरच्या छोट्या दुर्बिणींनी टिपता आले. पृथ्वीएवढ्या ग्रहाचा खळगा मात्र वातावरणामुळे होणाऱ्या लुकलुकण्यात बुडून जातो, शिवाय दिवस उजाडला की मोजणी खंडित होते.

या अडचणीवरचा उपाय म्हणून नासाचे शास्त्रज्ञ विल्यम बोरुकी यांनी केप्लर या अवकाश दुर्बिणीची कल्पना लावून धरली. नासाने ती अनेकदा नाकारली, अखेर २००१ मध्ये स्वीकारली आणि मार्च २००९ मध्ये दुर्बीण अवकाशात गेली. हंस आणि स्वरमंडळ या तारकासमूहांकडील आकाशाच्या एकाच तुकड्याकडे ती चार वर्षे टक लावून राहिली आणि दीड लाखाहून अधिक तारे मोजत राहिली. एवढे तारे घ्यावे लागतात, कारण ग्रहाची कक्षा आपल्याला नेमकी कडेवरून दिसायला हवी. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती पृथ्वीइतक्या अंतरावर फिरणाऱ्या ग्रहाबाबत हा योग दोनशेहून अधिक ताऱ्यांमागे एखाद्या ठिकाणीच जुळतो. एक खळगा पुरेसा मानला जात नाही. सारख्या अंतराने, सारख्या खोलीचे निदान तीन खळगे मिळावे लागतात. वर्षभराच्या कक्षेसाठी याचा अर्थ तीन-चार वर्षांची अखंड वाट पाहणे असा होतो, आणि त्यात सूर्यासारख्या बऱ्याच ताऱ्यांचे तेज अपेक्षेपेक्षा चंचल निघाल्याने आणखी काळ हवा होता. तोच मिळाला नाही : दुर्बीण स्थिर ठेवणाऱ्या चार चाकांपैकी दोन मे २०१३ पर्यंत निकामी झाली. उरलेल्या चाकांवर वेगळ्या पद्धतीने तिचे काम ऑक्टोबर २०१८ मध्ये इंधन संपेपर्यंत चालले. तिच्या नोंदींतून २,६००हून अधिक ग्रह निश्चित झाले. पण सूर्यासारख्या ताऱ्याचा, पृथ्वीएवढा आणि वर्षभराच्या कक्षेचा ग्रह, ज्यासाठी हा सारा खटाटोप होता, तोच सर्वांत निसटता राहिला.

प्रश्न : ‘दुसरी पृथ्वी सापडली’ अशा बातम्या अधूनमधून येतात. त्यांवर किती विश्वास ठेवावा?
— एक वाचक, विटा

उत्तर : फारसा नाही. खळग्याच्या खोलीवरून ग्रहाचा व्यास ताऱ्याच्या व्यासाच्या कितवा भाग आहे, एवढेच कळते. ताऱ्याचा आकार चुकीचा धरला असेल तर ग्रहाचाही चुकतो, आणि वस्तुमानाचा तर त्यात पत्ताच नसतो. जुलै २०१५ मध्ये गाजावाजा झालेला केप्लर-४५२बी पाहा. त्याचा व्यास पृथ्वीच्या सुमारे १.६ पट आणि वर्ष ३८५ दिवसांचे, असे सांगितले गेले. तो खडकाळ आहे की वायूच्या जाड आवरणाचा, हे ठरवायला वस्तुमान हवे आणि ते मोजलेले नाही. त्याचे खळगे मोजके व उथळ असल्याने ते उपकरणातील दोषामुळे तर दिसले नाहीत ना, अशी शंकाही २०१८ मध्ये अभ्यासकांनी मांडली.

खळगा दिसला म्हणजे ग्रह सापडला असे नव्हे. एकमेकांना ग्रासणारे दोन तारे मागे असले आणि त्यांचा प्रकाश पुढच्या ताऱ्यात मिसळला, तर अगदी ग्रहासारखाच खळगा उमटतो. २०१८ पासून जवळजवळ सारे आकाश पट्ट्यापट्ट्याने तपासणाऱ्या नासाच्या टेस या अवकाश दुर्बिणीत हा धोका जास्त आहे, कारण तिच्या कॅमेऱ्याचा एकेक पिक्सेल आकाशाचा मोठा भाग व्यापतो. म्हणून जमिनीवरील दुर्बिणींनी ग्रहाच्या ओढीमुळे होणारे ताऱ्याचे मागेपुढे हेलकावणे मोजून वस्तुमान काढावे लागते. आपल्याकडे अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचा ‘पारस’ हा वर्णपटमापक माउंट अबूवर हेच काम करतो. २०१८ मध्ये त्याच्या साहाय्याने पृथ्वीच्या सुमारे सत्तावीस पट वस्तुमानाच्या एका ग्रहाची खात्री झाली. पृथ्वीमुळे सूर्य मात्र सेकंदाला केवळ नऊ सेंटिमीटर वेगाने हेलकावतो. बातमीत वस्तुमान दिले आहे का, हे आधी पाहावे. दिले नसेल तर मथळा बाजूला ठेवावा.

प्रश्न : आमच्या हौशी मंडळाकडे आठ इंची दुर्बीण आणि डीएसएलआर कॅमेरा आहे. सांगलीतून बाह्यग्रहाचे, म्हणजे दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ग्रहाचे, अधिक्रमण टिपता येईल का?
— आकाशनिरीक्षक मित्रमंडळी, सांगली

उत्तर : येईल, मात्र दुर्बिणीला ताऱ्यामागे फिरवणारी मोटार हवी. सुरुवात एचडी १८९७३३ या ताऱ्यापासून करावी. डंबेल तेजोमेघाच्या अगदी शेजारी असलेला हा तारा ७.७ प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचे माप) असून दर २.२ दिवसांनी त्याचा प्रकाश सुमारे अडीच टक्क्यांनी घटतो. ही घट पावणेदोन तासांच्या आसपास टिकते. ऑक्टोबरच्या संध्याकाळी तो आपल्याकडे जवळजवळ डोक्यावर असतो. तोवर पाऊसही ओसरू लागलेला असतो, आणि तरीही ढगांनी छळले तर जत-आटपाडीकडे किंवा साताऱ्याच्या माण-खटावकडे जावे, तिथे आकाश अधिक अंधारे आणि कोरडे मिळते.

घट सुरू होण्याच्या तासभर आधीपासून ती संपल्यानंतर तासभर सलग छायाचित्रे घ्यावीत. फोकस मुद्दाम थोडा बिघडवावा, म्हणजे प्रकाश अनेक पिक्सेलवर पसरतो आणि मोजणी स्थिर होते. तारा कॅमेऱ्यात पांढरा फटक होऊन संपृक्त होणार नाही, इतकाच एक्स्पोजर ठेवावा आणि चित्रे जेपेगऐवजी रॉ स्वरूपात साठवावीत. त्याच चौकटीतल्या दोन-तीन साधारण तितक्याच तेजाच्या ताऱ्यांशी प्रत्येक छायाचित्रात तुलना करावी. त्यांच्यापैकी एखादा स्वतःच बदलता निघाला तर सगळे गणित फसते, म्हणून ते एकमेकांशीही ताडून पाहावेत. एकाच रात्रीचा आलेख विस्कळीत आला तर मंडळाने निराश न होता पुढच्या दोन-तीन अधिक्रमणांच्या नोंदी घटीची वेळ जुळवून एकमेकींवर ठेवाव्यात, खळगा तेव्हा स्पष्ट होतो.