शमुवेल अहरोनाच्या घराण्यातला नसताना त्याने यज्ञ कसे अर्पण केले?

बायबलनुसार याजकपद इस्राएलाच्या बारा वंशांपैकी लेवी वंशाकडे होते, मग एफ्राइमी, म्हणजे एफ्राइम या दुसऱ्या वंशातला, म्हणवल्या जाणाऱ्या एलकानाचा मुलगा शमुवेल संदेष्टा यज्ञ कसा अर्पण करू शकला, असे आपण विचारले आहे. खरे तर याजकपद सबंध लेवी वंशाचेही नव्हते. गेर्षोन, कहाथ आणि मरारी ही लेवीच्या तीन मुलांची घराणी निवासमंडपाची (तंबूच्या रूपातील फिरत्या पवित्रस्थानाची) ने-आण आणि सेवा पाहत. वेदीवर अर्पण करण्याचा अधिकार मात्र कहाथाच्या घराण्यातील केवळ मोशेचा भाऊ अहरोन याच्या वंशजांना होता. लेव्यांना स्वतंत्र प्रांत मिळाला नाही, तर वस्तीसाठी 48 नगरे आणि निर्वाहासाठी दशमांश मिळाला.

1 शमुवेल या पुस्तकात एलकाना एफ्राइमी आहे, तर 1 इतिहासाच्या सहाव्या अध्यायातील वंशावळीत तो कहाथी लेवी आहे. परंपरेचे उत्तर असे की, तो वंशाने लेवी आणि वस्तीने एफ्राइमी होता. हे अशक्य नाही, कारण कहाथी घराण्यांना एफ्राइमच्या प्रदेशात नगरे मिळालीच होती. तरीही मला हे उत्तर अपुरे वाटते, कारण ती वंशावळ खरी धरली तरी शमुवेल अहरोनाच्या नव्हे, तर कोरहाच्या कुळातला ठरतो. म्हणजे ज्या लेव्याने याजकपदावर हक्क सांगत मोशेविरुद्ध बंड केले, नेमका त्याच्या! शिवाय ती वंशावळ दिली आहे ती शमुवेलाचा नातू हेमान या मंदिरातील गायकाचे मूळ सांगण्यासाठी. इकडे शमुवेल बालपणी शिलो येथे तागाचे एफोद (याजकी वस्त्र) घालून एली याजकाच्या हाताखाली सेवा करतो, पुढे मिस्पा येथे स्वतः कोकराचा होम करतो आणि कोणीही हरकत घेत नाही.

माझ्या मते त्या काळी वंश आणि पद यांची गाठ अजून घट्ट बसलेली नव्हती. शास्त्यांच्या पुस्तकातील मीखा आधी स्वतःच्या मुलालाच याजक नेमतो आणि नंतर यहूदातील बेथलेहेमहून आलेला एक लेवी तरुण भेटताच त्याला वर्षाला चांदीची दहा नाणी, कपडे आणि जेवण देऊन ठेवून घेतो. म्हणजे लेवी असणे ही पसंतीची बाब होती, पूर्वअट नव्हे. यहूदा वंशातील दावीद राजाचे मुलगेही याजक होते असे 2 शमुवेलात एका ओळीत येऊन जाते.

पुढे ही गाठ घट्ट होत गेली. शलमोन राजाने अब्याथार याजकाला अनाथोथ गावी घालवून सादोकाला त्याच्या जागी नेमले आणि यहेज्केल संदेष्ट्याने तर वेदीची सेवा सादोकाच्या वंशजांपुरतीच राखली. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्यांच्या एज्राच्या पुस्तकातील यादीत 4,289 याजक आहेत आणि लेवी अवघे 74. दुय्यम सेवेसाठी एवढा प्रवास करण्याचा उत्साह कमी असावा, असा माझा तर्क. त्याच यादीत याजक म्हणवणाऱ्या काही कुटुंबांची वंशावळीत नोंद सापडली नाही, तेव्हा अधिपतीने त्यांना याजकपदावरून दूर केले आणि ऊरीम व थुम्मीम (देवाचा कौल घेण्याची पवित्र साधने) धारण करणारा याजक उभा राहीपर्यंत परमपवित्र पदार्थ, म्हणजे अर्पणातील याजकांसाठी राखलेला वाटा, खाण्यास मनाई केली.