जर्दाळूच्या बहरासाठी लडाखला जाताय? कार्यक्रम उंची बघून ठरवा

तुमचा प्रश्न असा आहे: १४ ते २० एप्रिल, पुण्याहून चौघं, त्यात साठी ओलांडलेले आई-बाबा. सहल कंपनीचा कार्यक्रम: पहिले दोन दिवस लेह, तिसऱ्या दिवशी खारदुंग ला (ला म्हणजे खिंड) ओलांडून हुंडर, चौथ्या दिवशी श्योक नदीच्या रस्त्याने पँगाँग तलाव, पाचव्या दिवशी चांग लामार्गे परत लेह, सहाव्या दिवशी ‘जर्दाळू बहर विशेष’ म्हणून अल्चीला धावती भेट आणि सातव्या दिवशी विमान. बहर दिसेल का आणि आई-बाबांना झेपेल का, हे तुम्हाला हवंय.

आहे तसा हा कार्यक्रम घेऊ नका. हा जून-जुलैचा नेहमीचा कार्यक्रम आहे, त्याला शेवटी फुलांचा एक दिवस जोडलाय. बहर असतो खाली, नदीकाठच्या गावांत. हा कार्यक्रम तुम्हाला तीन दिवस उंच खिंडींत आणि बर्फात फिरवतो. कंपनी तीच राहू द्या, पण क्रम बदलून घ्या.

आधी बहराचं गणित. जर्दाळूला पानांच्या आधी फुलं येतात. कळी गुलाबी असते, उमलली की पाकळ्या पांढऱ्या किंवा फिक्या गुलाबी होतात. झाड कधी फुलणार हे ठरतं मार्च-एप्रिलमधल्या उबेवर, आणि ऊब ठरते उंचीवर. म्हणून बहर खालच्या गावांतून वरच्या गावांकडे सरकत जातो. सिंधूच्या काठी सगळ्यात खाली असलेली दारचिक, गारकोन आणि दाह ही गावं, तसंच श्योकच्या काठचं तुरतुक, साधारण २७०० ते २९०० मीटरवर आहेत. तिथे एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात फुलं येतात. स्कुरबुचन, डोमखर, खलत्से हा पट्टा त्यानंतर फुलतो. सासपोल आणि अल्ची साधारण ३१०० मीटरवर आहेत, तिथली वेळ एप्रिलचा मध्य ते तिसरा आठवडा. लेह ३५०० मीटरवर असल्याने तिथल्या बागा महिनाअखेरीस फुलतात. मार्च उबदार गेला तर हे सगळं आठवडाभर अलीकडे येतं, थंडी लांबली तर तितकंच पुढे जातं. एका गावातला चांगला बहर आठवडा-दहा दिवस टिकतो. मधे पाऊस, बर्फ किंवा जोराचा वारा आला तर चार दिवसांतही झडतो.

यातून दोन गोष्टी निघतात. एकच गाव पक्कं करून जाणं हा जुगार आहे. पण सिंधूच्या काठाने अल्चीपासून दारचिकपर्यंतचा पट्टा हाताशी ठेवला, तर तुमच्या तारखांना कुठलं ना कुठलं गाव भरात असतंच. १४ ते २० एप्रिलमध्ये सरासरी वर्षी स्कुरबुचन ते अल्ची हा मधला टप्पा उत्तम मिळतो. दारचिक-गारकोनला बहर उतरणीला लागलेला असू शकतो, पण सावलीतल्या बाजूची झाडं मागे राहिलेली असतात. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. बहराच्या मागे गेलात की आपोआप लेहपेक्षा खालच्या उंचीवर झोपता, आणि आई-बाबांसाठी नेमकं तेच हवं.

आता त्या कार्यक्रमात धोका कुठे आहे ते बघा. विरळ हवेत त्रास ठरतो तो मुख्यतः रात्री झोपण्याच्या उंचीवर. डॉक्टरांचा सर्वमान्य नियम असा की ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. पुण्याहून थेट ३५०० मीटरवर उतरताना तो नियम मोडतोच, त्याला इलाज नाही. पण चौथ्या दिवशी हुंडरच्या ३१०० मीटरवरून पँगाँगच्या ४२०० मीटरच्या वर झोपायला नेणं म्हणजे एका दिवसात अकराशे मीटर. शिवाय एप्रिलमध्ये पँगाँगला रात्री तापमान शून्याच्या बरंच खाली जातं, तलावावर बर्फ असू शकतो, आणि तिथून लेहचं मोठं रुग्णालय गाठायचं तर चांग ला (५३०० मीटरहून उंच) ओलांडावा लागतो. वयस्कर माणसांना एप्रिलमध्ये तिथे मुक्कामी नेऊ नये, हे माझं ठाम मत आहे.

मी सुचवतो तो क्रम असा. आदल्या रात्री दिल्लीत झोपा. लेहची बहुतेक विमानं सकाळीच असतात, कारण दुपारनंतर खोऱ्यात वारा वाढतो. पुण्याहून मध्यरात्री निघून, विमानतळावर जागून सकाळी लेहला उतरलेला माणूस पहिल्याच दिवशी डोकं धरून बसतो आणि दोष उंचीला देतो. उतरल्यावर लेहमध्ये थांबू नका, थेट गाडीने अल्चीला जा. अंतर ६५ ते ७० किलोमीटर, रस्ता चांगला, दोन तास पुरतात. झोपण्याची उंची चारशे मीटरने कमी होते. वाटेत निम्मूला सिंधू-झंस्कार संगम गाडीतून उतरून पाच मिनिटं बघा, टेकडी चढायला जाऊ नका.

दुसरा दिवस अल्चीतच. गोम्पातली (बौद्ध मठातली) भित्तिचित्रं साधारण अकराव्या-बाराव्या शतकातली आहेत. आत फोटो काढता येत नाहीत आणि उजेड कमी असतो, म्हणून छोटा टॉर्च न्या आणि भिंतीपासून लांब ठेवा. गोम्पा वर डोंगरावर नसून गावातच सपाटीला आहे, त्यामुळे आई-बाबांना चढ नाही. बाकी वेळ बागांमध्ये हळू चाला.

तिसऱ्या दिवशी सासपोल, नुरला, तेमिसगाम करत खलत्सेला या. तिथे श्रीनगरचा हमरस्ता लामायुरूकडे वर चढतो आणि दुसरा रस्ता सिंधूबरोबर खाली जातो. तुमचा रस्ता खालचा. डोमखर किंवा स्कुरबुचनला होमस्टेत मुक्काम करा. चौथ्या दिवशी दाह आणि गारकोन, म्हणजे ब्रोकपा लोकांची गावं. पाचव्या दिवशी परत फिरताना ज्या गावात येताना कळ्या होत्या तिथे पुन्हा थांबा, दोन दिवसांत झाड पूर्ण बदललेलं असतं. संध्याकाळी लेह. सहाव्या दिवशी लेहजवळचे शे आणि ठिकसे इथले गोम्पा. ठिकसेला पायऱ्या आहेत, पण तोवर शरीर सरावलेलं असतं. सातव्या दिवशी विमान.

या क्रमात खारदुंग ला नाही, आणि मला त्याची खंत वाटत नाही. तीन दिवस वाढवता आले तरच, सहाव्या दिवसानंतर, नुब्रा खोरं (हुंडर त्यातच आहे) आणि तुरतुक जोडा. खारदुंग ला सुमारे ५३५० मीटर आहे. एप्रिलमध्ये तिथे बर्फ पडून रस्ता काही तास किंवा दिवसभर बंद होतो, म्हणून पलीकडे जाताना परतीच्या विमानाआधी एक मोकळा दिवस हवाच. खिंडीवर दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका. लेह ते तुरतुक सुमारे २०५ किलोमीटर आहे, ते एका दिवसात न करता हुंडरला रात्र काढा. तुरतुक १९७१ च्या युद्धात भारताकडे आलं आणि २०१० मध्ये पर्यटकांना खुलं झालं. बाल्टी लोकांचं गाव, दगडी भिंतींच्या गल्ल्या, झाडं घरांना लागून. पण तिथे बहर अल्चीच्या आधी असतो, म्हणून तुरतुक घ्यायचंच असेल तर तारखा अलीकडे आणून ८ एप्रिलच्या आसपास निघणं बरं.

श्रीनगरहून गाडीने जाऊन ट्यूलिप आणि जर्दाळू एकाच सहलीत करण्याचा मोह होतो. त्या रस्त्यावरचा झोजी ला एप्रिलमध्ये बहुतेकदा उघडलेला असतो, पण वाहतूक एकेका दिशेने सोडतात, हिमस्खलनाने रस्ता अचानक बंद होतो आणि सोनमर्गला किंवा द्रासला अडकून पडावं लागतं. मनालीचा रस्ता तर या काळात धरूच नका. आई-बाबांबरोबर विमानच.

औषधांबद्दल. डायमॉक्स (अॅसिटाझोलामाइड) साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, विमानाच्या आदल्या दिवसापासून सुरू करून वर पोचल्यावर दोन दिवस देतात. सल्फाची अॅलर्जी, मूत्रपिंडाचा विकार किंवा रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. बोटांना मुंग्या येणं आणि वारंवार लघवी होणं हे तिचे नेहमीचे परिणाम, घाबरू नका. झोपेच्या गोळ्या आणि दारू पहिले तीन दिवस पूर्ण बंद. ऑक्सिमीटर न्या, पण आकड्यावर भांडू नका. लेहला पहिल्या दिवशी ८५ ते ९० टक्के दिसणं अगदी सामान्य आहे. बघायची ती लक्षणं. डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणं याला विश्रांती, आणि आणखी वर न जाणं. मात्र बसल्या जागी धाप, वाढत जाणारा खोकला, ओठ निळसर, चालताना तोल जाणं किंवा बोलण्यात गोंधळ यांपैकी काहीही दिसलं की ऑक्सिजन लावून त्याच क्षणी दवाखाना. सकाळची वाट बघायची नाही. लेहमध्ये सोनम नोरबू स्मारक रुग्णालय आहे, तिथल्या डॉक्टरांना हे रोजचं आहे. बाबांना हृदयाचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल तर अल्चीऐवजी पहिल्या दोन रात्री लेहमध्येच, रुग्णालयाजवळ काढा.

टूर मॅनेजरला हे प्रश्न लेखी विचारा. रोजच्या मुक्कामाचं गाव आणि त्याची उंची काय? बहर पुढे-मागे झाला तर मुक्कामाचं गाव बदलणार का? बरोबर स्थानिक वाटाड्या आहे का? कारण कुठल्या गावात काल फुलं उमलली हे त्यालाच फोनवर कळतं. खोलीत उष्णतेची सोय कोणती, आणि रात्री किती वाजेपर्यंत? गाडीत ऑक्सिजन सिलिंडर आहे का, आणि तो लावता कोणाला येतो? विमान रद्द झालं तर त्या रात्रीचा खर्च कोणाचा? लेहची विमानं हवेमुळे रद्द होतात, म्हणून हा शेवटचा प्रश्न नंतर भांडणाचा होतो. बाहेरच्या नोंदणीची भाड्याची गाडी लडाखमध्ये फिरवू देत नाहीत, स्थानिक टॅक्सीच घ्यावी लागते आणि दर युनियनचे असतात. तेव्हा ‘आमची स्वतःची गाडी येईल’ असं कोणी सांगितलं तर नीट चौकशी करा.

दाह-गारकोन आणि नुब्रासाठी सध्या कोणती कागदपत्रं लागतात ते कंपनीला विचारा आणि तिलाच काढायला सांगा. मूळ ओळखपत्र प्रत्येकाकडे हवं. तुमच्याबरोबर परदेशी पासपोर्टवाला कोणी येणार असेल, अगदी ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणारं) असलं तरी, त्याचा परवाना वेगळा असतो आणि तो नोंदणीकृत एजंटामार्फतच निघतो. हे महिनाभर आधी सांगा. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही. चौघांत निदान दोन पोस्टपेड, वेगवेगळ्या कंपन्यांची ठेवा.

कपडे थरांचे: आत थर्मल, वर फ्लीस, त्यावर वारा अडवणारं जाकीट. दुपारी उन्हात १२-१५ अंश, रात्री शून्याच्या आसपास. एकच जाड कोट नेलेला माणूस दिवसा घामाघूम होतो आणि रात्री कुडकुडतो. जेवणाचं म्हणाल तर आपल्या बऱ्याच कंपन्या वरण-भात देतात आणि आई-बाबांना त्याचा आधार वाटतो, पण ३५०० मीटरवर पाणी सुमारे ८८ अंशांनाच उकळतं, त्यामुळे कुकरशिवाय डाळ-तांदूळ कच्चे राहतात. होमस्टेत मिळणारं थुकपा (नूडल्सचं सूप) किंवा स्क्यू (कणकेच्या तुकड्यांचा रस्सा) गरम, पातळ आणि पचायला हलकं असतं, एक वेळ तेच घ्या.

फोटो सकाळी. साधारण अकरानंतर वारा सुटतो आणि फांद्या स्थिर राहत नाहीत. फुलं पांढरी आणि आकाश गडद असल्याने मोबाइलच्या फोटोत पाकळ्या नुसत्या पांढऱ्याफटक येतात. उजेड थोडा कमी करून घ्या, झाडामागे सावलीतला डोंगर ठेवा. पूल, लष्करी तळ आणि लेह विमानतळ यांचे फोटो नकोत. सीमा जवळ असल्याने ड्रोन घरीच ठेवा.

या बागा लोकांच्या पोटापाण्याच्या आहेत. लडाखच्या रक्त्से कारपो जातीच्या जर्दाळूला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्या अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला मिळालं त्याच सुमारास. फांदी वाकवून फोटो काढला की त्या फांदीचं फळ गेलं. याच दिवसांत सातूची पेरणी चालू असते. झाडाखालची ओली माती मोकळी जागा दिसते, पण ते पेरलेलं शेत असतं. बांधावरूनच चाला आणि पाटाच्या कडा मोडू नका. ब्रोकपा बायकांच्या डोक्यावरच्या फुलांचा फोटो हवा असेल तर आधी विचारा, नाही म्हटलं तर कॅमेरा खाली. विकत घ्यायचंच तर गावातूनच सुके जर्दाळू आणि बियांच्या गराचं तेल घ्या. बिया घेताना गोड आहेत ना हे विचारा. कडू गरातून पोटात सायनाइड तयार होतं, तो मूठभर खाणं धोक्याचं.

कंपनीने क्रम बदलायला नकार दिला तर निदान एवढं मान्य करून घ्या: पँगाँगचा मुक्काम रद्द, त्याऐवजी दोन रात्री अल्ची किंवा स्कुरबुचनला, आणि त्या सुरुवातीला, हुंडरच्या आधी. तेही होत नसेल तर लेहमधल्या स्थानिक एजंटाकडून चौघांसाठी स्वतंत्र गाडी आणि वाटाड्या घ्या. चार जणांत एक इनोव्हा आरामात पुरते आणि गाव बदलायचं स्वातंत्र्य तुमच्या हातात राहतं. नवे मुक्काम ठरले की गावांची नावं इथे लिहा, त्या आठवड्यात कुठे किती रात्री ठेवायच्या ते बघून सांगतो.