थिएटरमध्ये सिनेमा पाहतानाचा तुमचा सर्वांत वाईट अनुभव कोणता?

शेजारी बसून पुढची गोष्ट आधीच सांगणारे, फोनवर "हां बोल, पिक्चरला आलोय" म्हणणारे, मागून खुर्चीला लाथा घालणारी पोरं... हे सगळ्यांच्याच वाट्याला येतं आणि मी ते फारसं मनावर घेत नाही. माणसं जमली की गोंगाट होणारच. पण दाखवणाराच जेव्हा सिनेमाची वाट लावतो, तेव्हा मात्र डोकं फिरतं. त्यातला पहिला किस्सा मामाच्या गावच्या टॉकीजचा.

नव्वदीची सुरुवात असेल. मे महिन्याच्या सुट्टीत मी मामाकडे होतो. तालुक्याचं गाव, टॉकीज दोन आणि नव्या पिक्चरची प्रिंट एकच. तेव्हा हे सर्रास चालायचं. एका टॉकीजचा खेळ सहाला सुरू व्हायचा, दुसऱ्याचा साडेसहाला. तिकडचं रीळ संपलं की पत्र्याच्या डब्यात घालून एक पोरगा लुनावरून इकडे आणायचा. १००० फुटांचं रीळ साधारण ११ मिनिटं चालतं. दोन जोडून २००० फुटांचं केलं की वीस-बावीस मिनिटं. तेवढ्यात पुढचा डबा आला नाही तर पडदा पांढरा. (रिळांचा हिशेब पब्लिकलाही पाठ असायचा. सेन्सॉरचं सर्टिफिकेट पडद्यावर आलं की त्यावरचा आकडा वाचून "अठरा रीळ!" म्हणत शिट्ट्या पडायच्या. जास्त रिळं म्हणजे पैसे वसूल.)

त्या दिवशी बसस्टँडच्या चौकात लग्नाची वरात अडकली आणि वरातीमागे लुना. मध्यंतर संपता संपेना. कँटीनचे वडे संपले, सोडा संपला, स्टॉलमधून, म्हणजे खालच्या स्वस्त खुर्च्यांवरून, "पैसे परत दे" सुरू झालं. शेवटी पोरगा आला तो एकदम दोन डबे घेऊन. मशीनही दोनच असायची, एकावरचं रीळ संपत आलं की ऑपरेटर दुसरं चालू करायचा. घाईत त्याने दोन्ही मशीनवर दोन्ही रिळं चढवली. फक्त क्रम चुकला.

मध्यंतराआधी विनोद करत फिरणारा हिरोचा थोरला भाऊ आता थेट भिंतीवर, फोटोला हार. आई पांढऱ्या साडीत. हिरो डोळे लाल करून कुणाला तरी शोधतोय आणि व्हिलनच्या उजव्या हाताला गोदामात बदडून मारतोय. भाऊ मेला कधी, कशाने, कुणालाच पत्ता नाही. मी मामाला विचारलं तर म्हणाला, "सस्पेन्स आहे. शेवटी सांगतील. गप बस."

वीस मिनिटांनी तोच भाऊ पेढ्यांचा पुडा घेऊन रिक्षातून उतरला. बहिणीचा साखरपुडा, त्यात गाणं. "फ्लॅशबॅक आहे," मामा म्हणाला. आजूबाजूचेही तेच म्हणत होते, त्यामुळे मलाही पटलं. रिळाच्या शेवटी भावाला गोळी लागली तेव्हा बायका रडल्यासुद्धा. घोटाळा झाला पुढच्या रिळात. फ्लॅशबॅक संपतच नव्हता, आणि गोदामातल्या खुनाबद्दल पोलीस विचारायला आले ते जणू तो आत्ताच झाल्यासारखे. तेव्हा कुठे स्टॉलमधल्या एकाची ट्यूब पेटली. तो खुर्चीवर उभा राहून ओरडला, "ए ऑपरेटर, रीळ मागचं पुढं लावलंस का रे?"

वरच्या चौकोनी भोकातून उत्तर आलं, "दोन्ही बघून झाली ना? मग जुळवा की आता!"

सगळं थिएटर हसलं. मामा मात्र घरी जाईपर्यंत फ्लॅशबॅकवर ठाम होता.

आता तुम्ही म्हणाल, हा तर गमतीचा अनुभव झाला. सांगताना गंमत वाटते हे खरं, पण मामाने आठवडाभर वाट पाहून, ब्लॅकने तिकिटं काढली होती. तरीही मी त्या अनुभवाला सर्वांत वाईट म्हणणार नाही. शिवी दिली तर ऐकायला आत माणूस होता आणि तो उलट बोलत होता.

खरा वाईट अनुभव पुण्यातल्या एका मल्टिप्लेक्समधला, अलीकडचा. तिकिटाच्या पैशांत मामाने तेव्हा अख्खी बाल्कनी बसवली असती. सिनेमा साधाच, थ्रीडी नव्हे. पण चित्र इतकं अंधारलेलं की भर दुपारचा प्रसंग तिन्हीसांजेचा वाटावा, आणि रात्रीच्या मारामारीत नुसते आवाज. मला शंका आली. काही प्रोजेक्टरपुढे थ्रीडीसाठी ध्रुवीकरणाची, म्हणजे उजेड गाळून पुढे सोडणारी, काच बसवलेली असते. साध्या खेळाच्या वेळी ती बाजूला सारायची राहिली, तर निम्म्याहून जास्त उजेड तिथेच अडतो.

उठून बाहेर गेलो. पॉपकॉर्नवाल्या मुलाला विचारलं, ऑपरेटर कुठे बसतो? त्याला शब्दच कळला नाही. "सर, सगळं ऑटोमॅटिक आहे," म्हणाला. ते एका अर्थी बरोबरच होतं. आता सिनेमा हार्ड डिस्कवर किंवा सॅटेलाइटवरून येतो, सर्व्हरवर दिवसभराची यादी लावून ठेवतात, वेळ झाली की जाहिराती आणि सिनेमा आपोआप सुरू. पाच-सहा पडद्यांमागे एखादा माणूस फिरत असतो, तोही दिसेलच असं नाही. मॅनेजर आला. हातात वॉकीटॉकी, गळ्यात पट्टा, अतिशय नम्र. आत डोकावून म्हणाला, "सर, प्रिंटच तशी आहे." प्रिंट! मी काचेचं सांगितलं तर त्याने "नोट करून घेतो" म्हणत मला पॉपकॉर्नचं कूपन दिलं.

दुसऱ्या कुणाचीच तक्रार नव्हती, याचं मला जास्त वाईट वाटलं. अंधारात सगळे मुकाट बसले होते. कदाचित दिग्दर्शकाला असंच दाखवायचं असेल, अशी त्यांची समजूत असावी. ओरडायला कुणाचंच तोंड उघडलं नाही, आणि ओरडून ऐकणार तरी कोण होतं?

मध्यंतरानंतर पडदा एकदम लख्ख झाला. कुणीतरी येऊन काच सरकवून गेलं असणार, पण सांगितलं कुणीच नाही. पूर्वार्धात कोणी कोणाला मारलं, ते मी पुढे दोन महिन्यांनी ओटीटीवर पाहिलं. कूपनावर लहान अक्षरांत लिहिलं होतं: फक्त सोमवार ते गुरुवार.