पोराचा हीट नंबर

"इथं काय कमी हाय म्हणून बाहेर चाललाय?" कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतले असोत की गोकुळ शिरगावचे, माझ्याकडं समुपदेशनाला आलेले आईबाप खुर्चीत टेकायच्या आधी हेच विचारतात. देश सुधारला, कारखाने वाढले, मग पोरांनी थांबायला नको?

घडतं उलटं. 1991 ला परवानाराज मोडलं, 1994 ला शिक्षण-प्रवासासारख्या खर्चासाठी रुपया मोकळा झाला. 2004 ला माणशी वर्षाला 25 हजार डॉलर बाहेर पाठवायची मुभा मिळाली, आज ती अडीच लाख आहे. आधी माल गेला, मग पैसा, आता माणसं. बाहेर जायला शिक्षण आणि ऐपत लागते, त्यामुळं ज्या घरांचं या सुधारणांनी भलं केलं तिथलीच पोरं आधी निघतात. हे बापाला पटतं, पण झोप लागत नाही. डोक्यात वाक्य वेगळंच असतं: "त्यानं मला टाकलं." माझं काम त्या वाक्याशी.

एका घराचं सांगतो, ओळख बदलून. निर्यातीच्या कास्टिंगचं, म्हणजे ओतीव भागांचं, मशीनिंग करणारं शॉप. मुलगा मेकॅनिकलचा पदवीधर, वय 25, दोन वर्षं वडिलांच्याच व्हीएमसी मशीनवर. तीन बैठका तक्रारीतच गेल्या. चौथीत मी दोघांना जर्मनीच्या 'चान्सनकार्ट'चा हिशेब मांडायला लावला. जून 2024 पासून हे कार्ड मिळतं. एक वर्ष तिथं राहून नोकरी शोधायची. मान्य पदवी आणि 6 गुण हवेत. पस्तिशीच्या आत 2, जर्मन भाषेच्या बी1 पातळीला 2, पदवीनंतरच्या दोन वर्षांच्या अनुभवाला 2.

"अनुभवाचा दाखला?"

"घरीच होतो."

"पगाराची नोंद?"

वडीलच बोलले, "घरचंच पोरगं, पगार कसला? लागंल तेवढं घेतोय की."

"दादा, कास्टिंगवर हीट नंबर असतो ना, कुठल्या वितळणीतून ओतलं ते सांगणारा?"

"असतोय. त्याबिगर माल उचलत न्हाईत."

"याच्या दोन वर्षांवर कुठला नंबर आहे?"

पंख्याचा आवाज तेवढा येत होता. पोराची धाव जर्मनीकडं कमी आणि बिननंबरी दोन वर्षांपासून लांब जास्त होती. हे मला पहिल्याच बैठकीत दिसलं होतं. बापाला दिसेपर्यंत थांबणं, हीच यातली खरी कसरत.

मग मी दोघांना सांगितलं: मागच्या तारखेचं नेमणूकपत्र करू नका; पडताळणीत सापडलं तर व्हिसाच जातो. अनुभव सोडूनही 6 जमतात: वयाचे 2, जर्मन बी2 चे 3, इंजिनियर टंचाईच्या यादीत असल्यानं 1. मात्र बी2 ला दीडेक वर्ष धरा. 2025 च्या दरानं महिन्याला 1,091 म्हणजे वर्षाचे 13,092 युरो दाखवावे लागतात, बहुतेक जण ते गोठवलेल्या खात्यात ठेवतात, ज्यातून महिन्याला ठरावीकच रक्कम निघते. नोकरी मिळेपर्यंत आठवड्याला 20 तासच काम. या महिन्यापासून पगार बँकेतून द्या, हुद्दा लिहून द्या. राहिला तरी, गेला तरी उपयोगी.

पाचव्या बैठकीला वडील शॉपचं लेटरहेड घेऊनच आले. "हुद्दा काय लिवू?" त्यांनी मला विचारलं. मी मुलाकडं बोट केलं.