घरामागच्या उतारावर काय लावावे : पिंटो भुईमूग की काजूचे कलम?

प्रश्न (कुडाळ तालुका) : घरामागे सहा गुंठे जांभ्याचा उतार मोकळा आहे. दर पावसाळ्यात माती धुपते. रोपवाटिकावाला म्हणतो वेडेलिया नाहीतर पिंटो भुईमूग, असा जमिनीवर पसरणारा वेल लावा, चार महिन्यांत सगळे हिरवे होईल, पिंटोला शेंगाही येतील. घरचे म्हणतात काजू लावू. काय करावे?

उत्तर : काजू लावा. पिंटोही लावा, पण दोन वर्षांनी. वेडेलिया अजिबात लावू नका.

हा प्रश्न मला दर मे महिन्यात येतो आणि दर वेळी त्यामागे एखादा विक्रेता असतो. म्हणून आधी त्याचेच बघू. पिवळ्या फुलांची वेडेलिया दिसायला छान, फुकट वाढणारी, म्हणून ती गळ्यात मारली जाते. ती मूळची उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेची आणि जगातल्या सर्वांत उपद्रवी 100 आक्रमक प्रजातींच्या यादीत तिचे नाव आहे. पेरापेराला मुळे फुटतात. उपटून बांधावर टाकलीत तर तिथेही रुजते. गेल्या वर्षी एका बागेत गेलो होतो. मालक म्हणाले, कलमे दिसेनाशी झाली. काठीने वेल बाजूला केला तर आत खुंटाचा (ज्या रोपावर कलम बांधतात त्याचा) जंगली फुटवा कमरेएवढा वाढलेला आणि वरचे कलम वाळून काटकी झालेले. बारा कलमांत तीन जिवंत होती. ती वेडेलिया काढायला त्यांना दोन पावसाळे लागले.

पिंटो भुईमूग हा वेगळा मामला आहे. ब्राझीलचा हा बारमाही वेल आपल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत चांगला बसतो, सावली सोसतो, मुळांवरच्या गाठींतून नत्र धरतो, कापणीची कटकट फारशी नाही. उतारावरची माती तो धरतो, हे खरे. पण मार्च ते मे पाणी नसेल तर तो विरळ होतो आणि जमीन उघडी पडते. आणि शेंगांचे तेवढे डोक्यातून काढा. जमिनीत थोड्याफार शेंगा धरतात, पण तो खाण्याचा भुईमूग नव्हे. शेंगा मिळतील असे सांगून काडीमागे पैसे घेणाऱ्याकडून दुसरेही काही घेऊ नका.

आता काजू. सहा गुंठ्यांत 7 बाय 7 मीटरवर बारा कलमे बसतात. वर्षाला छाटणी नेमाने करणार असाल तरच 5 बाय 5 वर जा, नाहीतर पाच वर्षांत आत शिरता येणार नाही. घराच्या भिंतीपासून पाच मीटर सोडाच. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राच्या जातींपैकी वेंगुर्ला-4 (1981) किंवा वेंगुर्ला-7 (1997) घ्या. चारची बी साधारण 7.7 ग्रॅम भरते, सातची 10 ग्रॅम. कलम शासनमान्य रोपवाटिकेतूनच घ्या, जोड हाताने चाचपून बघा. बियांची रोपे कलम म्हणून विकणारे प्रत्येक बाजारात आहेत, आणि फसवणूक कळेपर्यंत चार वर्षे गेलेली असतात.

खड्डे मेअखेर तयार, 60 सेंटिमीटर सर्व बाजूंनी. लागवड पाऊस स्थिरावल्यावर, जून-जुलैत. एक सर पडली म्हणून धावू नका. जोडाच्या खालून येणारा प्रत्येक फुटवा दिसताक्षणी काढा. दुर्लक्षाने मेलेली कलमे मी रोगाने मेलेल्यांपेक्षा जास्त बघितली आहेत. पहिली दोन वर्षे मोहोर खुडून टाका. जिवावर येते, कळते मला, तरी खुडा.

खत. इथेच सगळा घोळ होतो, म्हणून लक्ष देऊन वाचा. पूर्ण वाढलेल्या काजूला वर्षाला 1 किलो नत्र, 250 ग्रॅम स्फुरद, 250 ग्रॅम पालाश. पहिल्या वर्षी याचा चौथा हिस्सा, दुसऱ्या वर्षी निम्मा, तिसऱ्या वर्षी पाऊण, चौथ्यापासून पूर्ण. एक किलो नत्र म्हणजे एक किलो युरिया नव्हे, साधारण दोन किलो युरिया होतो. हिशोब तुम्ही करा, दुकानदारावर सोडू नका. खत द्यायचे ऑगस्टमध्ये, मुसळधार पाऊस ओसरल्यावर, फांद्यांच्या घेराखाली चर काढून. जूनमध्ये दिलेले खत वहाळाला जाते. जूनमध्ये खत उचला असे दुकानदार सांगतो, कारण त्याचा माल जूनमध्ये आलेला असतो. तुमच्या झाडाची भूक ऑगस्टची आहे. आणि खोडाला टेकवून मूठभर युरिया टाकणाऱ्यांनो, साल भाजते. ऑगस्ट, घेराखाली, मोजून.

फवारणीचेही तेच. ढेकण्या (टी मॉस्किटो बग, ही रस शोषणारी कीड) आला तर नवी पालवी, मोहोर आणि फळधारणा या तीन वेळा बघायच्या. लॅम्बडा सायहॅलोथ्रीन 5 टक्के प्रवाही, 10 लिटर पाण्याला 6 मिलि. सहा म्हणजे सहा. झाकण भरून ओतलेले औषध किडीआधी मधमाशी मारते, आणि मधमाशी गेली की बी धरत नाही. मोहोरावर फवारायचेच असेल तर संध्याकाळी. कीटकनाशक, बुरशीनाशक आणि 'टॉनिक' एकाच टाकीत मिसळून देणारा सल्ला ऐकू नका. तीन बाटल्या खपतात, एवढाच त्याचा अर्थ. काजूला आंब्यासारखे पॅक्लोब्यूट्राझॉल (मोहोर आणण्यासाठी मुळाशी देतात ते औषध) ओतायला सांगणारेही भेटतील. घरामागच्या बारा झाडांना त्याची काही गरज नाही.

खोडाच्या बुंध्याशी भोक आणि खाली भुसा दिसला तर तो रोठा, म्हणजे खोड पोखरणारी अळी. पटाशीने साल थोडी उघडून अळी काढून मारा. दर महिन्याला बुंधे बघितले तर हे काम पाच मिनिटांचे. कोणी फोरेट या कीटकनाशकाचे दाणे हातावर ठेवले तर परत करा, 31 डिसेंबर 2020 पासून त्याच्यावर देशात बंदी आहे.

मग पहिल्या दोन वर्षांत माती कशी धरायची? माझे उत्तर गेली कित्येक वर्षे एकच आहे : पाला. प्रत्येक कलमाला उताराच्या खालच्या बाजूने अर्धचंद्राकृती बांध घाला आणि आळ्यात वीतभर जाडीचा सुका पाला, गवत, भाताचा पेंढा पसरा, खोडापासून वीतभर सोडून. पाणी मुरते, तण दबते, एप्रिलमध्ये हात घातलात तर खालची माती गार लागते. फक्त फेब्रुवारीपासून वणव्याकडे लक्ष हवे, कुंपणाच्या बाजूने तीन मीटर पट्टा स्वच्छ ठेवा. तिसऱ्या पावसाळ्यात, जुलैत, दोन-तीन पेरांच्या पिंटोच्या काड्या वीत-वीत अंतरावर लावा. खोडाभोवती एक मीटर मोकळे ठेवायचे, वेल आत आला की कापायचा, नाहीतर रोठ्याचे भोक दिसणार नाही. वेल मारायला तणनाशक घेऊ नका, कलमाची हिरवी साल ते ओढून घेते. आणि पिंटो आहे म्हणून काजूचे खत बंद, असे होत नाही.

प्रश्न : अनुदान मिळेल का?

उत्तर : भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेत काजू आहे. कोकणात किमान 10 गुंठे लागतात, त्यामुळे तुमचे सहा गुंठे एकटे बसत नाहीत, दुसरा तुकडा जोडा. अनुदान तीन वर्षांत 50, 30, 20 टक्के असे. अर्ज महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर. पिंटोला काही नाही.

प्रश्न : घरात लहान मुले आहेत. काजूचा त्रास होईल का?

उत्तर : ओल्या बीच्या टरफलातले तेल अंगाला उतते, फोड येतात, हे मुलांना आधीच सांगा. बोंडे खाऊ द्या, बी फोडू देऊ नका. बी वेचताना हाताला खोबरेल लावा आणि वेचलेली बी मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उन्हात दोन-तीन दिवस वाळवा.