पाच किलो चुन्याचा हिशोब

प्रश्न : गोव्यात वाळपईजवळ आमचं कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग आहे. माती तपासणीत सामू (पीएच; ७ च्या खाली म्हणजे माती आम्ल) ४.७ आला. अकरावीतल्या मुलानं गणित करून हेक्टरी पाच किलो चुनखडी पुरेल म्हणून सांगितलं. शेजारी तर क्विंटलच्या गोष्टी करतात. कोणाचं ऐकू?

उत्तर : मुलाचं गणित मी स्वतः करून पाहिलं, कुठेही चुकलेलं नाही. सामू ४.७ म्हणजे लिटरमागे ०.००००२ मोल (कण मोजायचं रसायनशास्त्रातलं एकक) हायड्रोजन आयन, म्हणजे आम्लता आणणारे कण. हेक्टरभर जमिनीचा वरचा १५ सेंटिमीटर थर सुमारे २० लाख किलो भरतो. सामू मोजताना मातीच्या अडीचपट पाणी घालतात, म्हणजे ५० लाख लिटर. त्यात १०० मोल हायड्रोजन आयन झाले. चुनखडीचा एक मोल, म्हणजे १०० ग्रॅम, असे दोन मोल संपवतो. ५० मोल, पाच किलो. शाबास त्याला!

पण सामूत दिसतात ते फक्त पाण्यात सुटे असलेले आयन. चिकणमातीच्या आणि कुजलेल्या पाल्याच्या कणांना हायड्रोजन, अॅल्युमिनियम धरून बसलेले असतात, त्यांची मोजदाद यात नाही. पाण्यातले आयन संपले की हे सुटून त्यांची जागा घेतात. आपल्या जांभ्या मातीतलं कॅल्शियम, मॅग्नेशियम दर पावसाळ्यात धुऊन जातं, त्यामुळे हा साठा मोठा असतो. पाच किलोनं सामू हलणारही नाही. चुन्याची गरज बफर द्रावण (सामू सहजी न बदलणारं द्रावण) वापरून वेगळी काढतात. प्रयोगशाळेत तीच तपासणी मागा.

सामू ७ करण्याचा हट्ट मात्र नको. ५.७ झाला तरी सुटे हायड्रोजन आयन दहाव्या हिश्श्यावर येतात आणि मुळांना जाळणारं विरघळलेलं अॅल्युमिनियम बरंचसं न विरघळणारं होऊन खाली बसतं. चुना आणि युरिया एकत्र टाकू नका, नत्र अमोनिया होऊन उडतं.

प्रश्न : खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात) पाणी असताना नमुना घेतला तर चालेल?

उत्तर : नको. पाण्याखाली हवा संपते, लोहाचं रूप बदलताना हायड्रोजन आयन खर्च होतात आणि आम्ल मातीचा सामू तेवढ्यापुरता चढतो. भात कापून शेत सुकल्यावर नमुना घ्या.